सायरन काढलेली गाडी

लिलावात घेतली तेव्हा तिचं स्टेअरिंग
बाळारामच्या हाताला ओळखत होतं.
नोकरीची शेवटची नऊ वर्षं ती त्याच्याकडेच होती,
खारेगाव नाका ते कळव्याचं इस्पितळ,
मागे कुणाचा तरी श्वास, पुढे रिक्षा.

राबोडीतल्या इम्तियाजनं सायरन उतरवला,
निळ्या दिव्याच्या भोकावर पत्रा ठोकला.
ऑक्सिजनच्या कड्यात आता
माझा पाच किलोचा गॅस बसतो, अगदी बेतलेला.
सलाइनच्या हुकाला कांद्यांची जाळी.
तीन वेळा फिनेल मारलं, चौथ्यांदा ऊद फिरवला.
तो म्हणाला, पुरे गं,
वास गाडीत नाही, तुझ्या डोक्यात आहे.

रंग दिला पिवळा. तरी तिरप्या उन्हात
बॉनेटवर अजून उमटतात
ती उलटी अक्षरं, आरशात वाचायची.
म्हणून होळीनंतरच्या रविवारी निघालो तर
ठाणे-बेलापूर रस्त्यावर लोक आपोआप बाजूला झाले
आणि त्यांच्या मधून आम्ही, ताशी तीसनं,
उकडलेल्या शेंगा खात.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
त्याला, वाटतं, मजा आली.

बेलापूरला किल्ल्याचा उरलेला बुरूज.
दगडांच्या फटीत पिंपळानं बोटं खुपसलेली,
पालवी इतकी कोवळी की आरपार ऊन दिसावं.
"शंभरदा गेलो असेन इथून," तो म्हणाला,
"हा कधी बांधला?"
मी म्हटलं, तू नोकरीला लागायच्या आधी.

ऐरोलीच्या पुलावर थांबायला मनाई.
तरी त्यानं गाडी इतकी हळू केली
की मागचा टेम्पोवाला आईवरून बोलला.
"ठाण्यात जाम होता म्हणून शीवला इथूनच नेत होतो.
पुलाच्या मध्यावर पोरगी झाली.
नर्स ओरडली, थांबव.
मी नाही थांबवली.
असेल आता सातवीत."
खाली ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी,
गुलाबी, वाकलेले, आपापल्या कामात.
"तेव्हा होते का हे?"
महिना कुठला, मी विचारलं.
मार्च.
मग असतील.
मुलुंड येईपर्यंत तो काही बोलला नाही.

गायमुखचा चढ गाडीनं दुसऱ्या गिअरात खोकत काढला.
उजवीकडे खाडी, डावीकडे डोंगर,
आणि डोंगरावर पानं टाकून उभा पळस,
काटेसावर, आणखी कसली तरी लाल पालवी
जिचं नाव माझ्या आईला ठाऊक होतं.
मी विचारायचं राहून गेलं.
एका वळणावर सावरीची फुलं टपावर पडली, धप् धप्,
आणि तो दचकला,
सवयीनं मागे वळून बघितलंन्.
मागे कांदे हलत होते.

घोडबंदरच्या किल्ल्याशी पोचलो तो दिवेलागण.
चौकीदार धावतच आला, "पेशंट कुठंय?"
"पेशंट नाही," बाळाराम म्हणाला,
"जवळ्याचं कालवण आहे."
पाटीवर लिहिलेलं सगळं
त्यानं आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवलं,
पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, एका दमात,
मग पायरीवर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या.
जाताना म्हणाला, कोणी विचारलं तर
एक जण झोपून राहा.

रात्री दीडच्या सुमारास हायवेवर सायरन.
झोपेतच त्याचा उजवा पाय ताठ झाला,
पत्र्यावर दाबत राहिला, दाबत राहिला,
आवाज पार काशीमिऱ्याकडे विरेपर्यंत.
मी उठवलं नाही.
पायाखाली माझी उशी सरकवली.

सकाळी विचारतो, मान का आखडलीय तुझी?
चहा ठेव, मी म्हटलं.
दार उघडलं तर पायरीवर
रात्री चौकीदाराला भरून दिलेला डबा, घासलेला,
आणि त्यात मूठभर हिरवी करवंदं,
देठांना अजून चीक.