चार टोले

वालपराइसोच्या या टेकडीवर
मी वरच्या ठाण्यात बसते, नोल्बेर्तो खालच्या.
मधे उभा चढ, दोन लाकडी डबे
एकाच दोराच्या दोन टोकांना.
एक खाली गेल्याशिवाय दुसरा वर येत नाही.
अठ्ठावीस वर्षं आम्ही असेच बोलतो:
एक टोला, दारं लागली.
दोन, सोड.
तीन, थांब, कुणाची तरी पिशवी अडकली.

चार टोले नियमांच्या वहीत नव्हते.
ते मी काढले, जूनमधल्या एका सकाळी.
धुकं बंदरावरून थेट केबिनच्या काचेला टेकलेलं,
आणि शेवटचं पाकीट आदल्या रात्री
नळाखाली भिजवून टाकलेलं.
(नुसतं फेकलं असतं तर उचललं असतं,
एवढी मी मला ओळखते.)
दहा वाजता हात आपोआप खिशात गेला.
खिशात किल्ल्या होत्या.
मी चार वेळा दोरी ओढली.

फोन खणाणला. "काय झालं? आग?"
"नाही. तल्लफ."
त्याच्या ओठांत एक होती, मला ऐकू येत होतं;
सिगारेट असली की त्याचे शब्द एका बाजूने गळतात.
मग आवाज सरळ झाला.
"विझवली. बोल."

काय बोलणार?
गोदीत लागलेली जहाजं सांगितली,
त्याला तिथून दिसत नाहीत.
एक गंजकं लाल. एक पांढरं,
त्याच्या कठड्यावर वाळत घातलेले सदरे.
सातवा सदरा मोजेपर्यंत ते गेलं,
दार वाजवून वाजवून
पाहुणा निघून जावा तसं.

टेकडीवर काय लपतं?
मासेवाली ओर्तेन्सिया फाटकातून जाताना विचारायची,
"कितवा?"
नववा. दहावा. अकराव्याला तिने नुसतंच
माझ्या गल्ल्यावर संत्रं ठेवलं, खवल्यांच्या वासाचं.
दुसरीतल्या यानाराने पेन्सिल दिली.
"ही चाव. मी चावते तर बाई ओरडतात.
तुला कोण ओरडणार?"
नर्सने कागद दिला, फुफ्फुसांच्या चित्राचा.
खिडकीच्या फटीतून वारा येतो तिथे तो कोंबला.
त्या कामाला चांगला निघाला.

एकोणिसाव्या दिवशी बहिणीचा फोन आला,
आईचं घर विकलं म्हणून. विकलं, विकतोय नाही.
त्या दिवशी मी दोरी ओढली नाही.
सिगारेट ओढली.
एका अनोळखी माणसाकडे मागून,
सुटे पैसे परत देता देता.
तोंडाला चव अशी आली
जशी दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यावर येते.

रात्री शेवटचा डबा लागल्यावर फोन केला.
"नोल्बेर्तो, मोजणी गेली."
बराच वेळ फक्त चाकाला तेल घालण्याचा आवाज.
"गेली कुठे? एकोणीस माझ्या वहीत आहेत,
तिकिटांच्या हिशेबाखाली.
उद्याला वीस म्हणायचं की एक, ते तू बघ.
पहिला डबा सातला."

सातला मी चार टोले दिले.
काही म्हटलं नाही. त्यानेही नाही.

आता सप्टेंबर आहे. तारांवर पतंग अडकलेत,
मी जिना चढते आणि वर पोचल्यावर
मला बोलता येतं.

काल दुपारी दोन्ही डबे रिकामे,
मी संत्रं सोलत होते,
खालून घंटा वाजली.
एक.
दोन.
तीन. ब्रेकवर हात गेला माझा.
चार.

फोनमधे श्वास, ओठांत काही नसलेला.
"जहाजं सांग," तो म्हणाला.

गोदी रिकामी होती. एक होडीसुद्धा नाही.
मी सांगत राहिले: एक हिरवं, खूप लांब,
एक निळं, त्यावर कुत्रा,
कुत्रा कुणाची तरी टोपी घेऊन पळतोय,
आता स्वयंपाकी मागे लागलाय…
"मग?" तो म्हणाला. "मिळाली टोपी?"
"थांब, बघतेय."

बोलता बोलता पेन्सिल पदराला नव्हे, बाहीला पुसली.
अर्धी उरलीय, माझ्या दातांची, यानाराच्या दातांची.
बाकावर ठेवली, दार लावलं,
दोन टोले दिले.

ती खाली निघाली
आणि रिकामा डबा वर.