चंद्रोदय नऊ चौदा

सगळ्यांना एक तारीख हवी असते.
सुनेला, नणंदेला,
मुक्तिधामच्या पायऱ्यांवर भेटणाऱ्या पारनेरकर बाईंना.
'शकू गेली तेव्हापासून ना?'
असं अर्धं विचारून उरलेलं उत्तर
त्याच माझ्या हातावर ठेवतात, साखरफुटाण्यासारखं.

नाही हो.
शकू बिटकोत सतरा दिवस होती,
तेव्हा मी जेवढं मागितलं
तेवढं जन्मात कधी मागितलं नव्हतं.
सप्तशृंगीला चांदीचे डोळे बोलले, कालिकेला खण.
त्र्यंबकच्या गुरुजींनी सांगितलेला विधी
पतसंस्थेतून उचल काढून केला.
ती गेली.
तरी चांदीचे डोळे मी गडावर वाहून आले.
बोललेलं होतं ना.
उलट त्या दिवशी विश्वास जास्तच घट्ट होता,
भिजलेल्या गाठीसारखा.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

प्रेसमध्ये एकोणतीस वर्षं तपासणीला होते.
समोर नोटांचे कोरे करकरीत ताव.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कडा दुमडलेली.
लाल पेन्सिलीनं खूण करायची, पुढचा ताव घ्यायचा.
डोळ्याला वळण लागतं.
भाकरीसुद्धा मी उजेडाकडे धरून बघायचे.
सून म्हणते, त्यानंच झालं असेल.
पण शेजारच्या टेबलावर हौसा गांगुर्डे होती,
तेच ताव, तीच पेन्सिल,
आणि पाळीतला पहिला ताव ती आधी
कपाळाला लावायची, लक्ष्मी म्हणून.
तिचा अजून आहे.
गुरुवारी उपनगरहून चालत येते दत्ताला,
रिक्षाला पैसे असून.

संध्याकाळी गेटवर झडती.
डबा उघडा, पिशवी उलटी, हात वर.
एकोणतीस वर्षांत एक चिटोरं
माझ्याकडून बाहेर गेलं नाही,
आणि ही एवढी वस्तू
कोणत्या पाळीला गेटबाहेर पडली
माझं मलाच कळलं नाही.

कळलं ते एका संकष्टीला.
आभाळ गच्च. कॅलेंडरात चंद्रोदय नऊ चौदा.
मोदक झाकलेले, हे खुर्चीत पेंगलेले.
साडेदहापर्यंत मी गच्चीत उभी,
आणि लक्षात आलं,
मी कुणाचीच वाट बघत नाहीये,
मला नुसती भूक लागलीय.
रडू आलं नाही. दचकले थोडी.
अंधारात जिना उतरताना
अजून एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं
आणि जमीनच लागावी, तेवढीच.

पुढं हे गेले.
रामकुंडावर गुरुजींनी गोत्र विचारलं, मी सांगितलं.
पिंड, दर्भ, सगळं म्हणतील तसं.
ह्यांचा होता ना विश्वास,
तो मी कशाला मोडू?
पलीकडं एक पोरगा दोरीला लोहचुंबक बांधून
पाण्यात नाणी शोधत होता.
त्याला दोन रुपये लागले, तो हसला.
मीही हसले.
नणंदेनं ते बघितलं. अजून बोलत नाही धड.

होळकर पुलावरून बस गेली
की हात अजून कपाळाकडे जातो.
जाऊ दे. त्याला कुणी कळवलेलं नाही.

खालच्या मजल्यावर कोठावदे काकू.
दोन्ही गुडघे बदललेले, जिना चढवत नाही.
दर संकष्टीला खालून हाक:
'आवारेबाई, बघता का हो जरा?'
मी माझं जेवून, हात धुऊन वर जाते.
पाण्याच्या टाक्यांच्या मागून तो निघतो,
ढग असला तर ढग आहे म्हणून सांगते.
'वेळ झालीय कॅलेंडरात,' सून म्हणते,
'आला म्हणून टाका. उपाशी आहे म्हातारी.'
मला नाही तसं म्हणता येत.

थांबते.
डास चावतात, जेल रोडवरची वर्दळ कमी होते.
मग कधीतरी टाकीच्या कडेला
पिवळट चकती दिसते, एका बाजूनं झिजलेली,
तेव्हा कठड्यावरून वाकून ओरडते, 'आला!'

खालून ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज येतो.
तो ऐकते, आणि उतरते.