खोका नंबर सात

सुदामानगर, दुसरा मजला.
‘स्वयंपाकघर’ लिहिलेला खोका फोडला
तर आत कादंबऱ्या,
आणि तळाशी एकटं उलथनं.

अक्षर तुझंच.
मी म्हटलं, चुकलीस.
तू म्हणालीस,
‘पुस्तकं’ लिहिलेले खोके माळ्यावर जातात.
मागच्या नोकरीत
तीन वर्षं उतरले नव्हते.

कुकर कुठे आहे, देव जाणे.
शार्दूल कोपऱ्यावरून पोहे आणतो.
हिंदी बोलायला लाजतो अजून,
दुकानदाराला नुसती बोटं दाखवतो: तीन.

तू पुस्तकातून मान वर न काढता खातेस.
पानाच्या कडेला जिरावणाचा अंगठा.

पिथमपूरची बस सहा चाळीसला.
बुटाची नाडी बांधत मी विचारतो,
मग? ती परत जाते का त्याच्याकडे?

‘संध्याकाळी ये,’
तू म्हणतेस,
आणि पान उलटतेस.