मंगळवार

चोरकोरच्या किनाऱ्यावर मंगळवारी
होडी पाण्यात ढकलत नाहीत.
तो समुद्राचा वार.
त्याला पाठ टेकू द्यायची, असं ठरलंय
इथे बंदर नव्हतं तेव्हापासून.

म्हणून ओकांते आज जाळं सोडवत बसलाय.
मासे काढायला काल अर्धी घटका पुरली.
उरलंय ते कापड:
बाह्यांत बाह्या, पायांत पाय,
वाळूनं जड झालेला वीस हात लांब पिळा.
खेचताना चौदा जणांना वाटलं होतं,
आज नशीब फळफळलं.

तो सुरीनं कापतो, शिव्या घालतो,
बटणं मात्र तोडून डब्यात टाकतो.
कशाला, विचारलं तर म्हणाला,
बटणांनी काय बिघडवलंय?

जुनी माणसं या कपड्यांना म्हणायची
ओब्रोनी वावू. मेलेल्या गोऱ्याचे कपडे.
इतकं धड कापड
जिवंत माणूस कशाला टाकेल?
एका लोकरी कोटापायी माझी आत्या
दोन दिवस गप्प होती म्हणे,
कोण बिचारा गेला असेल म्हणून.

कुणी गेलं नव्हतं.
कापड विटायच्या आधी
माणूस विटला, एवढंच.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही.
कान्तामान्तोत गासडी फुटली
की कोपरं मारत पुढे घुसते;
हा अंगातला पिवळा ब्लाउज तिथलाच.
वरचं निवडायचं, खालचं सोडून यायचं.
खालचं कुठे जातं ते गटार जाणे.
गटार इथेच येतं,
माझ्या मासळीच्या भट्टीसमोर.

डेडेईनं पिळ्यातून एक झगा ओढला,
खार जाईतो नळावर धुतला.
गळ्याशी अजून किमतीची चिठ्ठी,
प्लास्टिकमधली, आकडा शाबूत.
"आई, हे आपले किती सेडी?"
मी टोपल्यांत मोजलं:
धुरावलेल्या मासळीच्या साडेतीन.
कुणीतरी साडेतीन टोपल्या मोजल्या
आणि एकदाही अंगाला लावला नाही.
"तुला मोठा होतोय," मी म्हटलं.
"मी होईन ना मोठी."

ऊन उतरलं. अर्धंही जाळं मोकळं नाही.
ओकांतेनं सुरी वाळूत खुपसली,
समुद्राकडे बघत बसला.
आज त्याला कुणी हात लावला नव्हता.
तरी एक लाट आली,
काठावर एक मोजा ठेवून गेली.
एकच.