पाचशे सव्वीस

ताम्पेरे, जानेवारी. सकाळचे नऊ,
आणि काचेला अजून रात्र चिकटलेली.
हर्वांताच्या तळघरात वेइयो म्हणतो,
आज पंप कुरकुरत नाही,
म्हणजे काहीतरी बिघडणार.

तेहतीस वर्षं तो त्या पोलादी पिंपाची उस्तवार करतोय,
बाळंतिणीची करावी तशी.
आत वारा लागू द्यायचा नाही.
अगदी आपला श्वाससुद्धा नाही.

आत गॅलियमची वाफ, चिमूटभर इंडियम.
तासाभरात थर चढतो
केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका.
इंडियम जास्त तापलं की उडून जातं,
कमी तापलं की स्फटिक नासतो.
तांबडं जगाला केव्हाच जमलं, पाठोपाठ निळंही.
हिरव्यापाशी आलं की घोडं पेंड खातं.
आउनेचे केस पांढरे झाले ते याच दरीच्या काठावर.
कुणी विचारलं, काय चाललंय,
तर म्हणते, शंभरातले चार उजेडाला जातात,
शहाण्णव उष्णतेला.
मी स्वतःबद्दल बोलतेय, असंही म्हणते.

वेइयोला हिरवा दिसत नाही.
हिरवा, तांबडा, त्याला एकच:
ओल्या पुठ्ठ्याचा रंग.
एकोणीस वर्षं आम्हाला पत्ता नव्हता.
मग एका सप्टेंबरात त्यानं बादलीभर लिंगनबेरी आणल्या,
निम्म्या कच्च्या.
आउने काही बोलली नाही.
जेवणाच्या सुट्टीत मुकाट निवडत बसली.

तीन आठवड्यांनी चिपा कापून आल्या.
सतरा मेल्या.
अठरावीला मी वीज थेंबाथेंबानं वाढवली.
चाळीस मिलिअँप. नुसती मिणमिण,
वाट फुटेल तिकडे सांडणारी.
साठ. तेच.
इलेक्ट्रॉन पोकळीत पडतो
आणि त्या पडण्याचाच उजेड होतो,
हे मी दरवर्षी मुलांना शिकवते,
न अडखळता.
एकाहत्तर.

उंबरठा ओलांडला.
समोरच्या भिंतीवर एक ठिपका,
टाचणीनं टोचल्यासारखा.
आउने ओरडली. मीही.
वेइयो भिंतीकडे पाहीना,
तो पडद्यावरचा आकडा वाचत होता.
पाचशे सव्वीस, म्हणाला,
आणि मग, जरा हळू: कसा आहे?

बर्चची पालवी, आउने म्हणाली,
पहिल्या तीन दिवसांतली.
ती मला राखेसारखी दिसते.
मग शेवाळ.
तेही.
नव्या गवताचं नाव माझ्या ओठावर आलं,
मी गिळलं.
आउनेनं डोळे मिटले, उघडले.
सिग्नलचा, म्हणाली.
ज्याला तू निघतोस, तो.
खालचा?
हो. खालचा.

तेवढ्यात चिप गेली.
अकरा सेकंद जगली, मी वहीत लिहिलं.
मरणाचं कारण: स्फटिकातला दोष, बहुधा.
वेइयो नायट्रोजन भरायला उठला,
जाता जाता ठिपक्याच्या जागेवर
बोट टेकवून गेला.
भिंत गारच असणार.

साडेतीनला बाहेर पडलो तर पुन्हा अंधार.
ट्रामच्या चौकात तो पुढे, मी चार पावलं मागे.
वरचा दिवा विझला, खालचा लागला.
माणसं निघाली.
वेइयो निघेना.
मान वर करून पाहत राहिला,
बर्फ टोपीवर साचू दिलं.
मागची बाई खाकरली,
मग वळसा घालून गेली.
दिवा लुकलुकला.
पुन्हा वरचा लागला.

मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले.
आता पुढचा येईल, म्हणाला.