खण क्रमांक एकशे सोळा

नोव्हेंबरातले तीन आठवडे मी इथे जोडे सांभाळते,
क्योतोच्या उत्तरेला, बस जिथून वळून परत जाते
त्या देवळाच्या पायरीशी.
एरवी टोफूच्या दुकानात असते,
पहाटे चारला, कोपरापर्यंत गार पाण्यात.

लोक पानं बघायला येतात.
मी त्यांचे तळवे बघते, म्हणजे जोड्यांचे:
चिखल कुठला, झीज कुठल्या अंगाला,
कुणी खास आजच्यासाठी नवे बूट घेतलेत
आणि ते टाचेला चावलेत.
लाकडी बिल्ला देते. सांगते,
"जपून हं, आत जमीन निसरडी आहे."
दिवसातून आठशे वेळा.
संध्याकाळपर्यंत शब्दांचा नुसता चोथा उरतो,
सोयाबीनचा उरतो तसा.

माझ्या वाट्याचा शरद येतो तो तळव्यांना चिकटून.
मेपलचं लाल पान, तुडवलेलं,
पाचांतली तीन बोटं शिल्लक.
गिंकोचं पिवळं, ते खाली स्टेशनापासूनचं.
एकदा एका बुटाखाली बसचं तिकीट निघालं,
रंगाने पानांत खपून गेलेलं.

आत काळ्या लाकडाची जमीन आहे,
तिच्यात बाहेरचं अख्खं झाड उलटं उतरतं.
त्यासाठीच ही रांग.
मी ते बसमधल्या जाहिरातीत बघितलंय,
बिस्किटांच्या डब्यावरही.
आतून मधूनमधून उसासा ऐकू येतो,
पन्नास जण एकदम गरम पाण्यात उतरावेत तसा.

मंगळवारी भुरभुर होती.
पाच वाजले. इत्सुकीने, तो कॉलेजातला पोरगा,
फाटकाला दोर लावला.
फडताळ रिकामं. फक्त एकशे सोळात
कापडी जोडे, बाईचे, लहान,
टाचा आत दुमडून बसलेल्या.
तळव्याला एकही पान नाही.
पायरीवर आपटून, झाडून,
तोंडं बाहेर करून ठेवलेले,
घरचं माणूस ठेवतं तसे.

मी आत गेले.
दिवे मालवलेले. एक म्हातारी
झाडाकडे पाठ करून, गुडघ्यांवर,
तळहाताने जमीन चाचपत होती.
मला वाटलं काही पडलं असेल, औषधाची गोळी वगैरे.
"आजी, बंद झालं."
"हो हो. हा कोपरा बघत होते.
इथे हात पोचायचा नाही आमचा."

नाव किनुए.
खालच्या वस्तीतल्या चार मुली, म्हणाली,
उजाडायच्या आत यायचो,
तांदळाच्या कोंड्याच्या पुरचुंड्या घेऊन.
घासायचं ते लाकडाच्या रेषेने,
आडवा हात गेला की थोरले भिक्षू खाकरायचे.
सात हिवाळे.
"बघायला तेव्हा चिटपाखरू नसे.
पानांचा तर आम्हाला रागच.
दार उघडं राहिलं की आत शिरायची,
ओली, मेली, डाग पाडायची."

मग विचारलं, आता कोण करतं?
"कंपनीचा माणूस येतो. मशीन आणतो."
"हं," म्हणाली,
आणि बराच वेळ काही म्हणाली नाही.

उजेड संपत आला होता.
जमिनीत झाड होतं,
लाल असं नाही, जुन्या लाखेच्या वाडग्याच्या
आतल्या अंगासारखं काळसर,
आणि त्यातून माझे मोजे, अंगठ्याशी विरलेले.
मी बघत राहिले.
ती बाहीने एक ठिपका पुसत होती,
लाकडाच्या रेषेने.

बाहेर जोडे चढवताना माझ्या खांद्यावर हात टेकला.
वजन असं नव्हतंच.
पाच चाळीसची बस, शेवटची.
बिल्ला तिच्या मुठीतच राहिला,
मीही मागितला नाही.

सकाळी इत्सुकीने मोजले, एक कमी.
हरवला, म्हटलं.
पाचशे येन कापले पगारातून.
आणि जमीन निसरडी आहे, हे
मी हल्ली जरा सावकाश सांगते.