जमिनीसकट

पहिल्या घरात सगळं होतं.
दलालाने यादी वाचली, मी खुणा करत गेले:
काटे सहा, चमचे सहा, सुऱ्या पाच.
सहावी? मी विचारलं.
आधीपासून पाचच, तो म्हणाला. इथे सही करा,
म्हणजे जाताना तुमच्याकडे मागणार नाही.

ग्रोनिंगेनच्या दक्षिणेला, तिसरा मजला.
राखाडी सोफा, डाव्या टोकाला खळगा:
कुणीतरी तिथे बसून
बरीच वर्षं एकाच दिशेला बघितलेलं.
भिंतीवर चित्र, तेही पुलाचं.
मी दिवसभर पूल उघडते, मिटते.
वाळूच्या बोटी जातात, सायकलवाले शिव्या घालतात,
आणि घरी येऊन पुन्हा पुलाखालीच बसायचं?
उतरवून ठेवलं तर चालेल?
चित्र यादीत आहे, तो म्हणाला. खिळाही.

गादी चांगली होती. खोटं कशाला बोलू.
फक्त आडवी झाले तेव्हा
कुणाच्या तरी झोपेत पाय घातल्यासारखं झालं.

दुसऱ्या घराला आमच्याकडे टकलं म्हणतात.
टकलं म्हणजे टकलं.
छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी, टोकांना चिकटपट्टी,
पडदा नाही, शेगडी नाही,
आणि रीत अशी, की जाणारा माणूस
पायाखालची जमीनसुद्धा उचलून नेतो.
मागे काँक्रीट, त्यावर डिंकाचे वाळलेले फरांटे.

इथली जमीन अजून होती.
तिच्यावर घडीच्या खुर्चीत आल्त्ये डाइकेमा,
वय ब्याऐंशी, अंगात कोट,
जणू स्टेशनवर गाडीची वाट बघतायत.
‘लाकडासारखी दिसते, लाकूड नाही,’ म्हणाल्या.
‘अडीचशे युरो. नाहीतर शनिवारी भाचा येऊन उचकटणार.’
उचकटून नेणार कुठे?
‘नेणार कुठे म्हणजे? फेकणार.
मी चाललेय तिथे पलंगसुद्धा त्यांचाच.
घड्याळ चालेल म्हणाले. टिकटिक न करणारं.’

हिशेब मी केला. दोनदा केला,
पुलावरच्या खोलीत, दोन बोटींच्या मधे.
सामानाचं घर महिन्याला तीनशेने महाग.
टकल्याला शेगडी, फ्रीज, दिवे, पडदे, ही जमीन:
वर्षाच्या शेवटी दोन्ही रकमा सारख्याच.
म्हणजे हिशेबाने हात वर केले.

हार्मेनच्या घरातून मी आणलं होतं
अकरा वर्षांतलं एवढंच: सायकल, रजई,
आणि एक पातेलं, ज्याचं झाकण तिकडेच राहिलं.
विंचवाचं बिऱ्हाड निदान पुरतं तरी असतं.

मग आठवलं,
त्या राखाडी सोफ्यावर मी बसले होते ती उजव्या टोकाला.
खळगा सोडून, अंग चोरून,
पर्स मांडीवर.
कुणी सांगितलं नव्हतं.
मला ते सहज जमलं होतं.

शनिवारी मी दोनशे पुढे केले.
‘अडीचशे म्हटलं होतं,’ आल्त्येबाई म्हणाल्या.
वरचे पन्नास दिले. त्यांनी पाकिटात घातले
आणि एकदा बुटाच्या टाचेने जमीन दाबून बघितली,
भाजीवाल्याकडे टरबूज बघतात तशी.
भाच्याने खुर्ची घडी करून काखेत मारली. गेले.

रात्री सायकलचा दिवा वायरीला बांधला.
खिडकीच्या कडेवर एक सुरी सापडली,
पट्टीची कड उचलून बघायला भाच्याने आणलेली असावी.
त्या पाच जणींशी तिचं काही नातं नाही, मला कळतं.
तिनेच पाव कापला, चीज कापलं,
रजईवर बसून खाल्लं.
मधेच उठले तर न्हाणीघराच्या वाटेवर
चौथी पट्टी कुरकुरली. पुन्हा पाय दिला. पुन्हा.

यादी कुणी दिलीच नव्हती.
पावाच्या कागदावर मीच लिहिली:
सुरी एक.
कुरकुर एक.